गाडी रात्री कुठं झोपते?



मी झाशीचा. राणी लक्ष्मीबाईंचं लग्न ज्या गणेश मंदिरात लागलं, त्याच्या आसपास आमच्या मराठी घरांच्या कितीतरी पिढ्या गेल्या. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की हल्ली एक विषय हमखास निघतो. विजेची मोटार शहरात ठीक आहे हो, पण तुमच्याकडे गावं लांबलांब, मधे नुसतं माळरान. तिथं ती काय कामाची?

शंका रास्त आहे. 2011च्या जनगणनेत उत्तर प्रदेशात दर चौरस किलोमीटरला 829 माणसं भरली, पण आमच्या शेजारच्या ललितपूर जिल्ह्यात फक्त 242. तुमच्या गडचिरोलीत तर 74. एवढ्या विरळ मुलखात चार्जिंगची सोय कोण करणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. माझं मत बदललं ते आमच्या गल्लीतल्या एका ई-रिक्षामुळे.

आमच्या समोरचा रिक्षावाला रात्री दहाच्या सुमाराला घरी येतो. रिक्षा ओसरीला लावतो, सीट उचलतो. खाली बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या. खिडकीतून वायर आत जाते आणि चार्जरचा पंखा घरघरू लागतो. मे महिन्यात पारा 45च्या घरात गेला की बॅटरीतलं पाणी भराभर आटतं. मग तो एकेक बूच उघडतो आणि टॉर्चच्या उजेडात डिस्टिल्ड वॉटर ओततो, आतल्या प्लेटा बुडेपर्यंत. त्याची मुलगी टॉर्च धरून उभी असते. पहाटे रिक्षा तयार. पंपाची रांग त्याला ठाऊकच नाही.

त्याला पाहून, गाडी दिवसा किती धावते यापेक्षा ती रात्री कुठं झोपते, हे मी आधी विचारू लागलो. मुंबईच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्याला खाली प्लग मिळवायला सोसायटीची परवानगी लागते. आमच्या खेड्यातल्या माणसाला स्वतःचं अंगण आहे. छोटी विजेची मोटार शंभर किलोमीटरला साधारण पंधरा युनिटं खाते. तहसिलीला जाऊन यायचं, मंडीत माल टाकायचा, तर घरचा पंधरा अँपियरचा प्लग रात्रभरात ते सहज भरून काढतो. नॉर्वे बघा. आपल्यापेक्षा कितीतरी विरळ आणि लांबट देश, त्यात बर्फ. पण 2024 साली तिथं विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. तिथल्या सरकारनं वर्षानुवर्षं कर माफ केला, पाण्यावरची वीज मुबलक आहे, आणि बहुतेकांच्या घरीच गाडी चार्ज होते.

लांबचा प्रवास मात्र अवघड आहे, हे मी लपवणार नाही. गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या विजेच्या गाडीतून आम्ही खजुराहोला गेलो. अंतर पावणेदोनशे किलोमीटर, एसी सारखा चालू. मऊरानीपूर मागे पडलं तसा भाचा रस्त्यापेक्षा बॅटरीच्या आकड्याकडेच जास्त बघू लागला. वाटेतलं एक चार्जिंग यंत्र बंद पडलेलं होतं. पोचलो, पण गप्पा थांबल्या होत्या. रात्री हॉटेलवाल्यानं स्वयंपाकघरामागचा प्लग दिला आणि सकाळपर्यंत गाडी भरली. व्होल्टेज पडलं असतं तर दुसरा दिवस तिथंच गेला असता.

म्हणून मला वाटतं, विरळ वस्तीपेक्षा आमची खरी अडचण भरवशाच्या विजेची आहे. श्रीनगर–कन्याकुमारी आणि पोरबंदर–सिलचर हे दोन्ही महामार्ग झाशीत एकमेकांना छेदतात. अशा हमरस्त्यांवर कंपन्या आपणहून यंत्रं बसवतील, कारण तिथं गिऱ्हाईक आहे. गरौठा, महरौनी अशा आतल्या गावांकडे त्या वळणार नाहीत. तिथं सरकारलाच पुढं यावं लागेल. आपण विजेचे खांब खेड्यात नेले तेव्हा तरी नफा कुठं बघितला होता?

कुणी म्हणेल, ही वीज येते कोळशातूनच. खरं आहे. बेतवेकाठचं पारीछाचं केंद्र कोळशावरच चालतं. पण पेट्रोलच्या उष्णतेतला जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकी तापून वाया जातो. विजेची मोटर दिलेल्या विजेतला फारच थोडा भाग वाया घालवते. आणि बुंदेलखंडात पाणी कमी असलं तरी ऊन उदंड आहे. जे ऊन आमची शेतं करपवतं, त्यावर दुपारी गाड्या चार्ज व्हाव्यात, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

प्रत्येक तहसिलीच्या बसस्थानकावर एक चालू यंत्र, वर पत्र्याची सावली, शेजारी पाण्याचा माठ, आणि बिघडलं तर त्याच दिवशी येणारा मेकॅनिक. एवढं झालं की भाचा आणि मी पुन्हा खजुराहोला निघू, आणि या खेपेला मेमध्येच.