पहिली पुडी फुकट असते



मी डॉक्टर नाही, समाजसेवक तर नाहीच. धरमतरच्या खाडीत बार्जच्या तळातला कोळसा झाडणारा मॅट्रिक पास माणूस. कविता करतो म्हणून बोलावलंत. आज कविता नाही.

पेण-रोह्यात एखादं पोरगं नशेला लागलं की म्हातारे म्हणतात, पोरं बिघडली. साफ खोटं. पोरगं एकटं बिघडत नाही, त्याला टोळकं लागतं. हळदीत बाटली फिरते. नको म्हटलं की लगेच, "लई शिकलास, बामण झालास काय रं?" हा टोमणा दारूपेक्षा जहरी. शिकलेला पोरगा जातीत परका व्हायला भितो आणि ग्लास उचलतो. पाचवं शील रोज म्हणायचं आणि जयंतीच्या मिरवणुकीत झिंगायचं, ही शिकवण त्याला कुणी दिली? आपणच.

पेणला गणपतीच्या कारखान्यात सीझनला रात्र रात्र रंगकाम. रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी पाळीवर पाळी. अशा वेळी कुणी पुडी पुढं केली, तर ती औषधच वाटते. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते झोप मारतं, भूक मारतं. राबणारं शरीर जास्त तास मिळतं कंत्राटदाराला, उतरल्यावरची धडधड आणि उदासी मिळते पोराला. पहिली पुडी फुकट. दुसरी उधार. उधारी फेडायला तोच पोरगा चौथ्या दोस्ताला पुडी विकतो. धंद्याला जाहिरात लागत नाही, आपली दोस्तीच त्याची जाहिरात.

एमडी 2015 साली एनडीपीएस कायद्यात आलं. तरी 2023 च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यात, खोपोलीजवळच्या कारखान्यात पोलिसांना त्याचा कोट्यवधींचा साठा सापडला. कारखाना काय झोपडीत उभा राहतो? पण झडती पहिली आपल्या वस्तीची.

मग करायचं काय? सॉलोमन अ‍ॅश नावाच्या माणसानं 1950 च्या सुमाराला अमेरिकेत एक प्रयोग केला. रेघांची लांबी ओळखायची. बाकीचे ठरवून चूक उत्तर देत. डोळ्यांना खरं दिसत असूनही बरेच जण मधूनमधून त्यांच्यामागं जात. पण टोळक्यातला एक जरी खरं बोलला, की ही मेंढरचाल एकदम घटे. एक माणूस पुरे, दोस्तांनो! "नको" म्हणणाऱ्याच्या शेजारी उभा राहणारा एक.

आमच्या पाळीत आम्ही तेच केलं. एकानं "नको" म्हटलं, दुसरा म्हणाला, "मलापण नको." हसणारे हसले आणि गप बसले.

आणि जो आत अडकलाय त्याला हाकलू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, थोडक्या मालापुरतं, खटल्यापासून संरक्षण आहे. एनडीपीएसचं कलम 64 अ वाचा. सरकारी मदतीचा फोन 14446. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय. फोन लावा, सोबत जा, परत आल्यावर त्याला चहाला बोलवा. टोळकं माणसाला बुडवतं तसं ते त्याला बाहेरही ओढतं.

बस. मला रात्रपाळी आहे.