दरडीच्या सेन्सरची बॅटरी पावसाळाभर टिकावी म्हणून

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरकडे केवनाळे आणि साखरसुतारवाडीवर दरडी आल्या. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच भोगलं होतं. म्हणून उतारावर सेन्सर बसवा, ही मागणी मला अगदी रास्त वाटते. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठानं असं बिनतारी जाळं उभारलेलं आहे.

आपल्या गावासाठी असा प्रस्ताव आला, तर पहिला प्रश्न विचारा: बॅटरी किती टिकेल? आषाढात आपल्याकडे आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, तेव्हा सौर पॅनलवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. आणि दरडीचा धोका असतो तो नेमका त्याच दिवसांत.

पाऊस किंवा जमिनीतलं पाणी मोजायला सेन्सरला वीज थोडीच लागते. खरा खर्च होतो तो रेडिओवरून माहिती पाठवण्यात. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झालं की वीज चौपट लागते. ओल्या झाडीत त्याहून जास्त. म्हणून माहिती एका सेन्सरकडून जवळच्या दुसऱ्याकडे, अशा टप्प्याटप्प्यानं खाली आणतात. पण टप्पे फार वाढवूनही चालत नाही, कारण ऐकण्यातही वीज जाते. निरोप नसताना नुसता कान लावून बसलेला रेडिओ जवळजवळ तितकीच वीज खातो. त्यामुळे सगळ्यांनी ठरल्या वेळी क्षणभर जागं व्हावं आणि पुन्हा झोपावं, अशी रचना करतात.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. सगळ्यांचे निरोप गावातल्या केंद्राजवळच्या दोन-तीन सेन्सरमधूनच जातात. ते आधी संपतात आणि वरचे सगळे शाबूत असूनही मुके होतात. वाडीवरून आजाऱ्याला डोलीतून खाली आणताना खांदेकरी आळीपाळीनं खांदा बदलतात, तसं हे ओझं फिरतं ठेवावं लागतं. २००० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘लीच’ पद्धतीचा हाच गाभा आहे: गटाचा म्होरक्या बदलत राहतो, आणि तो सगळ्यांची माहिती एकत्र करून एकच निरोप पुढे धाडतो. केंद्राजवळच्या सेन्सरना मोठी बॅटरी द्या, हेही मी आग्रहानं सांगेन.

कोरड्या दिवसांत तासाला एखादा निरोप पुरे. पाऊस ठरावीक पातळीवर गेला की मिनिटा-मिनिटाला. वाचवलेली वीज अशा मुसळधार पावसाच्या रात्रीसाठीच आहे.

लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्या जवळच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी या कामात जरूर लक्ष घालावं. ग्रामपंचायतींनी मे महिन्यातच प्रत्येक बॅटरी तपासून घ्यावी. आणि उताराला नवी भेग दिसली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर सेन्सरच्या इशाऱ्यासाठी थांबू नका. मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना घेऊन लगेच सुरक्षित जागी निघा.