दुरून दिलेली आज्ञा

सतराव्या शतकात सुरतेस इंग्रजांची वखार होती आणि तिचे धनी लंडनला होते. तेथून निघालेले पत्र आफ्रिकेला वळसा घालून सुरतेस पोहोचावयास कित्येक महिने लागत. त्यामुळे ‘आज अमुक करा’ अशी आज्ञा देण्यात काही अर्थच नसे. वखार कशा स्थितीत असावी, हिशेब कसे ठेवलेले असावेत, जहाज येईल तेव्हा कोणता माल सिद्ध असावा, एवढेच लिहिता येई. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांची फौज सुरतेत शिरली, तेव्हा वखारीच्या प्रमुखास, जॉर्ज ऑक्झेंडन यास, लंडनकडे विचारणा करण्याची सोयच नव्हती. वखार लढविण्याचा निर्णय त्याने जागच्या जागी घेतला.

आज अंतराची अडचण उरलेली नाही. सुरतेतील एखाद्या मोठ्या हिऱ्याच्या पेढीत किंवा बँकेत शेकडो संगणक तारांनी एकमेकांस जोडलेले असतात. प्रत्येकाची स्वतःची मांडणी असते: कोणास आत प्रवेश द्यावा, कोणते कार्यक्रम चालू असावेत, बाहेरच्या जगाकडील कोणती दारे बंद असावीत. पूर्वी या मांडणीत बदल करावयाचा म्हणजे जाणता माणूस प्रत्येक यंत्राशी बसून तेच काम पुन्हा पुन्हा करी. शंभराव्या यंत्रापर्यंत त्याच्या हातून एखादी चूक होणे अगदी स्वाभाविक होते.

ऑस्लो विद्यापीठात 1993 साली मार्क बर्जेस यांनी ‘सीएफइंजिन’ नावाची प्रणाली रचली, ती या कंटाळ्यावरचा उपाय म्हणून. तिच्यामागची कल्पना त्या जुन्या पत्रांच्या जवळची आहे. यंत्रास कृती सांगावयाची नाही, स्थिती सांगावयाची. ‘कळ दाबा’ ही आज्ञा चुकून दोनदा गेली तर लागलेला दिवा विझेल. ‘दिवा लागलेला असावा’ ही आज्ञा दहा वेळा गेली तरी बिघडत नाही, कारण दिवा लागलेलाच असेल तर यंत्र काहीच करीत नाही.

सुरतकरांना ही गोष्ट उकाईच्या उदाहरणाने चटकन पटावी. शहराच्या वरच्या अंगास सुमारे शंभर किलोमीटरवर तापीवर बांधलेले हे धरण 1972 साली पुरे झाले. ते 345 फुटांस पूर्ण भरते. परंतु पावसाळ्यात कोणत्या तारखेस पाणी कोणत्या उंचीवर असावे याचे एक कोष्टक असते. ते कोष्टक ‘दरवाजे उचला’ असे म्हणत नाही; पाणी कोठे असावे एवढेच सांगते. भुसावळजवळच्या हतनूरहून किती पाणी येत आहे ते पाहून दरवाजे किती उचलावयाचे हे धरणावरची माणसे ठरवितात.

2005 साली ल्यूक कनीज यांनी ‘पपेट’ ही प्रणाली पुढे आणली. पपेट म्हणजे कळसूत्री बाहुली. मौज अशी की ही बाहुली दोरी हालण्याची वाट पाहत नाही. सर्वसाधारण व्यवस्थेत दर अर्ध्या तासाने तीच सूत्रधाराकडे जाऊन विचारते, ‘मी कशी असावयास हवी?’ आणि उत्तराप्रमाणे स्वतःस नीट करून घेते.

परंतु चोराला शिरता येईल अशी एखादी फट उघडकीस आली तर अर्धा तास हा फार मोठा काळ ठरतो. अशा वेळी दुरून घंटा वाजवून सर्व यंत्रांस ‘आताच विचारा’ असे सांगण्याची सोय करावी लागते. येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. घंटा वाजविणाऱ्याच्या हाती फक्त घंटा असावी. पत्राचा मजकूर बदलण्याचा अधिकार त्यास असू नये. ज्यास कोणतीही आज्ञा कोणत्याही यंत्रास देता येते, त्याची किल्ली चोरीस गेली तर सारी पेढीच चोरीस गेल्यासारखी होते. शिवाय सर्व यंत्रे एकाच क्षणी सूत्रधाराच्या दारी धावली तर तोच गुदमरतो; म्हणून त्यांनी थोडे मागेपुढे यावे अशी योजना करतात.

मजकूरच चुकीचा असला तर काय होते, हे 19 जुलै 2024 रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या यंत्रांकडे एक सदोष फाइल धाडली. भारतात तेव्हा सकाळचे 9 वाजून 39 मिनिटे झाली होती. चूक ध्यानात येऊन ती फाइल मागे घेतली गेली तेव्हा 10 वाजून 57 मिनिटे झाली होती. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगातील सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र घेऊन विमानात चढावे लागले. पुढची गोष्ट अधिक बोधक आहे. पुष्कळ यंत्रे चालू होता होताच पुन्हा कोसळत होती. दुरुस्तीची हाक त्यांच्या कानी पोहोचतच नव्हती. मग माणसे निघाली आणि एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल हाताने काढू लागली. त्यानंतर त्या कंपनीने असे बदल एकदम सर्वांस न पाठविता टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे मान्य केले. हे शहाणपण काही नवे नव्हते. एका यंत्रास पाठवावे, थांबावे, मग पाचांस, मग पन्नासांस, हा रिवाज सावध माणसे पूर्वीपासून पाळीत आली आहेत.

घंटेची आणखी एक मर्यादा आहे: बंद यंत्रास ती ऐकू येत नाही. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी आधीच का सोडले नाही हा वाद पुढे पुष्कळ दिवस चालला. अशा दिवसांत वीज गेलेल्या पेढीतील संगणक निपचित पडलेला असतो, आणि त्याच्यासाठी वाजलेल्या घंटा वाया जातात. वीज येते, तो जागा होतो. घंटेवरच विसंबून राहणारा संगणक त्या दिवशी पुरापूर्वीच्या मांडणीनेच, फटीसकट, कामास लागेल. ज्यास अर्ध्या तासाने विचारण्याची सवय आहे तो मात्र ग्राहकाचा पहिला हिशेब उघडण्यापूर्वी सूत्रधाराकडे जाईल आणि विचारील, ‘मी कशी असावयास हवी?’