पोटावरील शौचमार्ग आणि एका तासाचा नेम



गुदाशयाच्या कर्करोगात कित्येकदा शस्त्रक्रियेने गुदद्वार बंद करावे लागते आणि मोठ्या आतड्याचे टोक पोटाच्या डाव्या बाजूस आणून शौचास नवी वाट द्यावी लागते. हीच कोलोस्टोमी. या वाटेला आवरून धरणारा स्नायू नसतो, म्हणून पोटावर पिशवी येते. रोगी बरा होतो. परंतु गुरुजी वर्गात उभे राहण्यास कचरतात, पंचायतीच्या सदस्या सभेस येत नाहीत. जीव वाचतो आणि माणूस मात्र माणसांतून उठतो.

अशांपैकी काहींना ‘इरिगेशन’ उपयोगी पडते. अंबड-घनसावंगीकडे हा शब्द उच्चारताच जायकवाडीचा डावा कालवा आठवेल. येथे त्याचा अर्थ आतडे पाण्याने धुणे एवढाच. दररोज किंवा दिवसाआड, ठरल्या वेळी, पिण्याजोगे कोमट पाणी घेऊन पाण्याची पिशवी बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर टांगावी. नळीतील हवा काढून, शंकूच्या आकाराच्या मऊ तोटीने पाणी पाच-दहा मिनिटांत सावकाश आत सोडावे. आरंभी अर्धा लिटर पुरे. पुढेही एक लिटरच्या वर जाऊ नये. कळ आल्यास पाणी थांबवावे. तोटी जोराने रेटू नये. त्या जागी वेदना कळत नाही आणि आतड्यास छिद्र पडू शकते. साधारण तासाभरात सर्व उरकते. सहा ते आठ आठवड्यांत आतड्यास वळण लागते. मग पुढील धुण्यापर्यंत बहुधा शौच होत नाही आणि लहानशी टोपी पुरते.

हा उपाय सर्वांसाठी नव्हे. लहान आतड्याचे तोंड बाहेर काढले असेल, तोंडाशेजारी हर्निया असेल किंवा आतडे बाहेर सरकत असेल, तर तो करू नये. शल्यचिकित्सकांची अनुमती घ्यावी आणि परिचारिकेच्या देखरेखीखाली हाताला सवय करावी. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. जालन्याच्या रुग्णांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय अधिक जवळचे.

खरी अडचण घरातली आहे. २०१३ च्या दुष्काळात नवीन जालन्याने थेंबाथेंबाचा हिशेब केला. तरीही हे लिटरभर पाणी स्वच्छच हवे. एकच शौचालय असलेल्या कुटुंबात एक माणूस तासभर आत बसणार, हे इतरांनी न कुरकुरता स्वीकारावे लागते. मुख्याध्यापकांनी अशा शिक्षकाचा पहिला तास दुसऱ्याकडे दिला, तर त्याची रजा वाचते. जुलाब होत असतील त्या दिवशी मात्र पाणी न सोडता पिशवीच लावावी, आणि एक पिशवी सदैव जवळ बाळगावी.