लिहिणाऱ्याला जामीन कोण राहणार?

(धुळे जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावाचे सोडून आज वर्तमानपत्रवाल्यांचे काय काढले, असे तुम्हाला वाटेल. भावातली लूट उघड आहे, ती पट्टीवर दिसते. पण पीकविम्याच्या यादीत कोणाची नावे घुसली, रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसाचा अंगठा कसा उमटला, नालाबांध कागदावर किती आणि शिवारात किती, हे आपल्याला कळते कोठून? तालुक्याच्या गावी फटफटीवर हिंडणारा एखादा वार्ताहर लिहितो तेव्हा. त्याला बहुधा पगार नसतो. जाहिरातीच्या कमिशनवर घर चालते आणि जाहिरात देणारा पुष्कळदा तोच पुढारी असतो. तरी तो लिहितो, आणि मग त्याच्या दाराशी पोलीस येतात.

हे आजचे नाही. १८८१ साली पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. आगरकर 'केसरी'चे संपादक, टिळक 'मराठा'चे, दोघेही पंचविशीतले. कोल्हापूरच्या अल्पवयीन महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे त्यांनी लिहिले. बर्व्यांनी फिर्याद ठोकली. ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिले होते ती बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. पत्रे खोटी होती, पण महाराजांचे हाल खोटे नव्हते. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा अंत झाला.

या खटल्यातली एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा सांगत नाहीत. टिळक-आगरकरांना दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. तो दिला रामशेठ उरवणे यांनी, आणि तो द्यायला सांगितले जोतीराव फुल्यांनी. फुल्यांचे आणि या मंडळींचे विचार जुळणारे नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कारभाऱ्याविरुद्ध लिहिणारा माणूस आत जातो आहे म्हटल्यावर त्यांनी मतभेदांचा हिशोब मांडला नाही. पुढच्याच वर्षी त्याच जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. आपल्या चळवळीचा हा वारसा आहे असे आम्ही मानतो.

इंग्रज गेले, कलमे राहिली. अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत कैद होती, ती २०१६ साली सुप्रीम कोर्टाने घटनेला धरून असल्याचे सांगितले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ३५६ व्या कलमातही दोन वर्षे आहेतच. लिहिलेले खरे असून भागत नाही, ते लोकहितासाठी होते हेही दाखवावे लागते, आणि दाखवायचे आरोपीने. तरी हा गुन्हा जामीनपात्र आहे. खरी भीती आहे ती खंडणीच्या आणि सरकारी कामात अडथळ्याच्या कलमांची. ती अजामीनपात्र. ग्रामसेवकाला हजेरीपट मागितला की अडथळा, ठेकेदाराला फोन करून त्याची बाजू विचारली की खंडणी! खरोखर पाकिटे घेणारेही या धंद्यात आहेत, ते आपण नाकारत नाही. त्यांच्यामुळेच खऱ्यावर खोटा आळ घालणे सोपे जाते.

उलट बाजूही बघा. जळगावच्या घरकुल योजनेत अकरा हजारांवर घरे व्हायची होती, त्यातली बहुतेक झालीच नाहीत. महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये फिर्याद दिली. निकाल लागला आपल्या धुळ्याच्याच विशेष न्यायालयात, ३१ ऑगस्ट २०१९ ला. माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जण दोषी ठरले, आणि मग अपिले झाली. साडेतेरा वर्षे! टिळक-आगरकरांवरची फिर्याद ते शिक्षा, सहा महिनेसुद्धा लागले नव्हते.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१७ साली कायदा मंजूर केला, तो २०१९ मध्ये लागू झाला. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडले गेले, त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी. आणि खोट्या गुन्ह्यात अडकवणे म्हणजे हल्लाच, असे त्या कायद्यात कोठे म्हटलेले नाही.

मग आपण काय करायचे? वार्ताहराला बातमी सांगताना आपण म्हणतो, "माझे नाव घालू नका." भीती आहे, खोटे नाही, सोसायटीचे कर्ज त्याच पुढाऱ्याच्या हातात असते. पण निदान कागद तरी द्या. बर्वे प्रकरणात घात झाला तो कागदाने. म्हणून माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे तिकीट लावून स्वतः अर्ज करा, शिक्क्याची नक्कल घ्या, आणि ती नक्कल वार्ताहराच्या हातात ठेवा. ऐकीव गोष्ट त्याच्या गळ्यात बांधू नका.

दुसरे, जामीन. कोर्टाला जामीनदार लागतो ऐपतीचा. कापूस पिको न पिको, दादर येवो न येवो, सातबारा आपल्या नावावर आहे. प्रत्येक तालुक्यातून पाच शेतकरी असे हवेत की रात्री निरोप आला तर सकाळी उतारा आणि ओळखपत्र घेऊन कोर्टाच्या दारात उभे राहतील. ऐपतीचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवावा, ऐनवेळी तो मिळत नाही. वार्ताहर आपल्या संघटनेवर टीका करणारा असला तरी जायचे. साक्रीची आणि शिंदखेड्याची नावे आली आहेत. शिरपूर आणि धुळे तालुक्याची यादी जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर लिहून घेतली जाईल.