गेम करणाऱ्या मुलांनो, आधी वाट चाला



चित्रपटांवरून तयार होणाऱ्या व्हिडिओ गेमबद्दल मला बोलायचं आहे. वेळ थोडा, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो आणि मधूनमधून पुन्हा सांगत राहीन, कारण तो निसटू नये असं मला मनापासून वाटतं. चित्रपटावरून गेम करताना चित्रपटाची गोष्ट परत सांगत बसू नका. ती गोष्ट जिथं घडली ती जागा उभी करा आणि खेळणाऱ्याला तिथं मोकळं सोडा.

कोल्हापुरानं हा धडा शंभर वर्षांपूर्वीच गिरवला आहे. बाबूराव पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. पडद्यावर महाल रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण सिनेमा करायला घेतला तेव्हा याच माणसानं रंगवलेला पडदा बाजूला सारला आणि खोली असलेले, खांबामागून माणूस येऊ शकेल असे सेट उभे केले. 'सैरंध्री' १९२० सालची. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये तर रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. दामले, फत्तेलाल, शांताराम बाबूरावांच्याच सिनेमाच्या कारखान्यात घडले आणि १९२९ मध्ये याच गावात 'प्रभात' सुरू झाली. म्हणजे पडद्याकडून जागेकडं जाण्याची वाट आपल्याच गल्लीतून निघाली आहे.

आणि आज आपली गेम शिकणारी मुलं काय करतात? मागं किल्ल्याचं चित्र, पुढं धावणारा मावळा, वाटेत नाणी. उडी मारा, नाणं घ्या, उडी मारा, नाणं घ्या. मागचा किल्ला पन्हाळा आहे की रायगड, यानं खेळात तसूभर फरक पडत नाही. अरे बाळांनो, हा तर पुन्हा रंगवलेला पडदाच झाला!

सिनेमा बघणं म्हणजे खासबागेत वर बसून कुस्ती बघणं. गेम खेळणं म्हणजे लांग चढवून हौदात उतरणं. वर बसलेल्याला डाव दिसतो, उतरलेल्याला तो अंगावर येतो. वस्ताद जोड लावतो तेव्हा नवख्या पोरापुढं पहिल्याच दिवशी तयार मल्ल उभा करत नाही, पण रोज हलकाच गडीही देत नाही. गेमच्या अवघडपणाचं सगळं गणित यातच आलं. पडलास? माती झटक, पुन्हा धर. आणि खरी गोष्ट म्हणजे ती माती. ताक, तेल, हळद घालून, खोऱ्यानं उकरून, दिवसेंदिवस जोपासलेली. माती कोरडी ठणठणीत असेल तर वस्ताद कितीही मोठा असू दे, पोराचे गुडघे सोलून निघणार. गेममधली ही माती म्हणजे जागा. ती तयार करायला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ द्यायला कुणी तयार नसतं.

१९८२ साली अमेरिकेत अटारी कंपनीनं 'ई. टी.' या गाजलेल्या चित्रपटावर गेम काढला. नाताळच्या विक्रीला माल हवा म्हणून जेमतेम पाच आठवड्यांत करून घेतला. खेळणारा सारखा खड्ड्यात पडायचा. न खपलेल्या मालातला काही न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला होता, त्यातला थोडा २०१४ मध्ये उकरून काढला. पाच आठवड्यांत पैलवान तयार होतो का?

याच्या उलट 'इंडियाना जोन्स' बघा. १९८१ पासून २०२३ पर्यंत पाच चित्रपट. डिसेंबर २०२४ मध्ये स्वीडनच्या मशिनगेम्सनं 'द ग्रेट सर्कल' हा गेम आणला. त्यांनी पाचांपैकी एकाचीही गोष्ट उचलून गेमभर ताणली नाही. काळ १९३७ चा धरला, पहिल्या आणि तिसऱ्या चित्रपटांच्या मधला, आणि गोष्ट नवी रचली. व्हॅटिकनमध्ये पाद्र्याचा वेश करून अंगणातून चालायचं, भिंतीवरचं चित्र कॅमेऱ्यानं टिपायचं, त्यावरून कोडं सोडवायचं. गीझाचे पिरॅमिड, थायलंडमधलं सुखोथाई. खेळणाऱ्याच्या हातात चाबूक आहे आणि मारामारीत जवळ दिसेल ते उचलता येतं, फावडं असो की तवा. जागा भरलेली आहे म्हणून हे जमतं.

याच मालिकेतल्या १९८४ च्या चित्रपटात भारत दाखवला होता. आपले अमरीश पुरी त्यात खलनायक होते, पण बाहेरचं चित्रीकरण झालं श्रीलंकेत. आपली जागा आपण उभी केली नाही तर दुसरा कुणीतरी ती स्वतःच्या समजुतीनं उभी करणार, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडं प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. 'धूम ३'वर २०१३ मध्ये उडुपीच्या मंडळींनी मोबाईल गेम केला, पण तो मोटारसायकल पळवण्याचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' केला, तो मात्र मन लावून. राजी नावाची मुलगी भावाला शोधत निघते, राजस्थानी धाटणीच्या महालांतून, चढत, लढत. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं. पुण्यात बसून राजस्थान उभं राहतं, मग कोल्हापुरात बसून पन्हाळा का नाही?

आता माझ्या मनातलं सांगतो. 'फर्जंद'पासून सुरू झालेली दिग्पाल लांजेकरांची शिवचरित्रावरची चित्रपटमालिका घरोघरी बघितली गेली. तिच्यातला 'पावनखिंड' फेब्रुवारी २०२२ चा. त्याची सगळी जागा आपल्या जिल्ह्यात आहे. १२ जुलै १६६० ची रात्र, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, पालखीतून विशाळगडाकडं निघालेले शिवाजी महाराज, राजदिंडीची वाट, मग मसाई पठार, पुढं मांडलाईवाडी, करपेवाडी, पांढरपाणी आणि घोडखिंड, म्हणजेच आजची पावनखिंड. पठारावर पावसात धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. खाली झाडीत शिरलं की पायवाटेचाच ओढा झालेला असतो. मशाल पेटवायची सोय नाही. हे सगळं गेममध्ये आणा.

पण खेळणाऱ्याला महाराज करू नका. माझं हे मत ठाम आहे. महाराज कुणाच्या बोटाच्या दाबावर उड्या मारत दरीत पडताहेत, हे मला बघवणार नाही. खेळणाऱ्याला पालखीचा भोई करा. खांद्यावर वजन आहे, चिखलात पाय सरकतोय, खांदापालट कुठं करायचा हे त्यानं ठरवायचं. ओढ्याला पाणी किती, कोणत्या दगडावर पाय ठेवायचा, मागून घोड्यांचा आवाज किती जवळ आला. आणि खिंडीत त्याला बांदलांच्या तुकडीतला एक मावळा करा. तिथं शत्रू संपवून जिंकायचं नाहीच. बाजीप्रभू पडणार हे प्रत्येक मराठी पोराला ठाऊक आहे. महाराज पोचल्याची तोफ विशाळगडावरून ऐकू येईपर्यंत टिकायचं, एवढाच खेळ. असा गेम जगात कुठंही खेळला जाईल, कारण त्यातली झुंज वेळेशी आहे.

लढाईच्या हालचालींसाठी परदेशी नमुने कशाला? कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ जिवंत ठेवलाय. पट्टा हातात चढला की कोपरापर्यंत हात लोखंडात जातो, मनगट वळत नाही. मग वार खांद्यातून आणि पायाच्या पवित्र्यातून निघतो. विटा म्हणजे दोरीचा भाला, तो फेकला तरी दोरी मनगटाला असते, ओढून परत घेता येतो. इंडियाना जोन्सच्या त्या चाबकाला तोडीस तोड आहे हा. खेळाडूच्या अंगावर खुणा लावून ही हालचाल संगणकात घ्यायचं तंत्र आज आहे. वस्तादांना मानानं बोलवा, त्यांना मानधन द्या आणि...

स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण होतेय, वेळ संपत आला. आवाजाबद्दल बोलायचं होतं. अंधारात माणूस कानानं चालतो, गेममध्ये त्याचा केवढा... असो, ते राहिलं.

पालकांनाही एक विनंती. पोरगं गेम करायला शिकतंय म्हटल्यावर 'वाया गेलं' म्हणू नका. बाबूरावांच्या कारखान्यातली पोरंही अशाच जागा उभ्या करत होती.

आणि मुलांनो, शेवटचं पुन्हा सांगतो: गोष्ट लोकांनी पाहिलेली आहे, तुम्ही जागा द्या. जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडं पदभ्रमंती निघते. येत्या पावसाळ्यात तिच्याबरोबर चाला. फोन खिशात राहू द्या, जाताना वही घ्या आणि कुठं पाय घसरला, कुठं पाणी लागलं, कुठं धुकं दाटलं ते लिहून आणा. संगणक त्यानंतर उघडा.