साथीच्या दिवसांतील विमानप्रवास

रोग आणि प्रवास यांचे नाते फार जुने आहे. व्यापाऱ्यांचे तांडे, यात्रेकरूंचे जथे आणि लष्कराच्या पलटणी ज्या वाटांनी गेल्या, त्याच वाटांनी साथीही गेल्या. मात्र पूर्वी रोगालाही बैलाच्या पावलाने किंवा शिडाच्या वेगाने चालावे लागे. १३७७ साली एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील रगूसा या नगरराज्याने, साथीच्या मुलखातून येणाऱ्यांनी तीस दिवस शहराबाहेर राहिले पाहिजे, असा नियम केला. पुढे तिसाचे चाळीस दिवस झाले, आणि इटालियन भाषेतील 'चाळीस' या शब्दावरून 'क्वारंटीन' हा शब्द रूढ झाला. बंदराबाहेर नांगरून ठेवलेले जहाज आणि काठावर उभा असलेला आरोग्याधिकारी, हे दृश्य मग कित्येक शतके परिचित राहिले.

आगबोटीच्या काळापर्यंत या व्यवस्थेला एक गोष्ट अनुकूल होती. मुंबईहून विलायतेस जावयाचे तर दोन-तीन आठवडे लागत. ज्याच्या अंगात रोग शिरलेला असे, तो बहुधा वाटेतच आजारी पडे. बोट किनाऱ्याला लागेपर्यंत रोगाने आपले नाव सांगितलेले असे. विमानाने हा हिशेब पार बदलून टाकला. इन्फ्लुएन्झाची लक्षणे दिसू लागण्यास एक ते चार दिवस लागतात, कोविडची दिसण्यास दोन ते चौदा. आणि मुंबईहून दिल्लीला जाण्यास दोन तास पुरतात. माणूस धडधाकट दिसत विमानात चढतो, धडधाकट दिसतच उतरतो, आणि तिसऱ्या दिवशी नव्या गावी अंथरूण धरतो. विमानतळाच्या दारातील तापमापक आज ताप असलेल्याला अडवू शकेल. ज्याला उद्या ताप येणार आहे, त्याला तो कसा ओळखणार? म्हणूनच विमानप्रवासातील सुरक्षितता केवळ यंत्रावर आणि अधिकाऱ्यावर सोपवून मोकळे होता येत नाही. तिचा मोठा वाटा प्रवाशाच्याच हाती असतो.

याचा अनुभव भारताने २०२० साली घेतला. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक साथ म्हटले, आणि २५ मार्चपासून देशांतर्गत प्रवासी विमाने थांबली. परदेशी अडकलेल्यांना आणण्यासाठी ७ मेपासून 'वंदे भारत' मोहिमेची विमाने निघाली, आणि २५ मे रोजी देशांतर्गत वाहतूक पुन्हा सुरू झाली. त्या दिवसांत प्रवासी तोंडाला मास्क आणि त्यावर पारदर्शक झडप लावून बसत. मधले आसन शक्यतो रिकामे ठेवावे, आणि ते भरावेच लागले तर तेथील प्रवाशाला अंगभर झगा द्यावा, असाही नियम जूनमध्ये झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये विमानातील मास्कची सक्ती गेली, आणि मे २०२३ मध्ये जागतिक आणीबाणीही संपल्याचे जाहीर झाले. नियम गेले, हे योग्यच झाले. परंतु नियमांबरोबर त्यांमागचे ज्ञानही विसरले गेले, तर पुढच्या साथीच्या वेळी पुन्हा ओनाम्यापासून आरंभ करावा लागेल.

त्या ज्ञानातील पहिली गोष्ट विमानातील हवेसंबंधी आहे. चोहोंकडून बंद असलेल्या त्या नळकांड्यात एकाचा श्वास सर्वांना घ्यावा लागतो, असा सामान्य समज आहे. तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. आधुनिक प्रवासी विमानाच्या कक्षातील हवा तासाला सुमारे वीस ते तीस वेळा बदलली जाते. तिच्यातील जवळजवळ निम्मी बाहेरून येते. उरलेली पुन्हा वापरली जाते, पण अतिशय दाट गाळण्यांतून गाळून. मायक्रॉनच्या तीन दशांश एवढ्या आकाराचे ९९.९७ टक्के कण या गाळण्या अडवितात. शिवाय ही हवा डोक्यावरून येऊन पायांजवळच्या जाळ्यांतून निघून जाते. विमानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती फारशी वाहत नाही. इतकी हवा एखाद्या कचेरीत किंवा भोजनगृहात क्वचितच खेळत असेल.

पण ही सारी किमया यंत्रणा चालू असते तोवरच. १९७७ साली अलास्कात घडलेली घटना या बाबतीत फार बोलकी आहे. एका जेट विमानाचे इंजिन उड्डाणाच्या वेळी बिघडले आणि ते सुमारे तीन तास जमिनीवर खोळंबले. विमानात ५४ माणसे होती, त्यांतील बहुतेक आतच बसून राहिली. त्यांच्यापैकी एकाला इन्फ्लुएन्झा झालेला होता आणि हवा खेळविणारी यंत्रणा बंद होती. पुढच्या तीन दिवसांत त्या प्रवाशांपैकी ७२ टक्के लोक खोकला आणि ताप यांनी आजारी झाले. विमान आकाशात असते, तर कदाचित इतके लोक आजारी पडले नसते. तात्पर्य असे की, भीती वाटते ती आकाशाची, पण जपावयाचे असते ते जमिनीवर: तपासणीच्या रांगेत, दाटीने भरलेल्या बसमध्ये, आणि विमान उभे असता हवा मंदावते त्या वेळात.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यासंबंधी. गाळणीपर्यंत पोहोचण्यापूर्वी हवा शेजाऱ्याच्या नाकापर्यंत पोहोचते. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात सार्स या रोगाचा एक रुग्ण होता. प्रवास तीनच तासांचा. पण विमानातील १२० जणांपैकी सुमारे वीस जण पुढे आजारी झाले, आणि त्यांतील काही तर रुग्णापासून कितीतरी रांगा दूर बसलेले होते. मार्च २०२० च्या आरंभी लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात एक प्रवासी घसादुखी आणि खोकला घेऊनच चढला. प्रवास दहा तासांचा होता आणि मास्कचे बंधन नव्हते. आणखी १५ जणांना कोविडची लागण झाल्याचे नंतर आढळले. त्यांपैकी १२ जण त्याच कक्षात बसलेले होते. यंत्रणा कितीही उत्तम असली, तरी आजारी माणूस आणि निरोगी माणूस यांना तासन् तास खांद्याला खांदा लावून बसविले, तर तिचीही मर्यादा दिसून येते.

मग प्रवाशाने करावे काय? उपाय साधेच आहेत. लस घ्यावयाची असेल, तर ती प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. शरीराला तयारीसाठी तेवढा अवधी लागतो. मास्क नाकावर आणि गालांवर घट्ट बसणारा असावा, आणि तो विमानात बसल्यावर नव्हे, तर विमानतळाच्या दारातच चढवावा. हनुवटीवर लोंबणारा मास्क हा निव्वळ अलंकार होय. डोक्यावरचा हवेचा झोत थंडी वाजते म्हणून बंद करू नये. तो अंगावर येऊ द्यावा. आसन निवडता येत असेल, तर खिडकीजवळचे घ्यावे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसून आले की, खिडकीपाशी बसणारे कमी उठतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी त्यांचा संबंधही कमी येतो.

खाण्यापूर्वी हात धुवावेत, आणि शेजारी जेवत असता आपण थांबावे. सगळ्यांचे मास्क एकाच वेळी उतरणे, हाच धोक्याचा क्षण असतो. एप्रिल २०२१ मध्ये दोन तासांहून कमी अवधीच्या देशांतर्गत प्रवासात खाणे देणे बंद झाले होते, त्यामागचे कारण हेच. विमान थांबताच मार्गिकेत गर्दी करून उभे राहण्याची सवय तर साथ नसतानाही सोडण्यासारखी आहे. दार उघडेपर्यंत उभे राहणाऱ्याला बसून राहिलेल्यापेक्षा फार तर थोडेसेच आधी बाहेर पडता येते.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न यांपैकी कशातच नाही. तो घरातून निघण्यापूर्वीच उभा राहतो. गावी वडील अत्यवस्थ आहेत, तिकीट काढलेले आहे, आणि निघण्याच्या दिवशी सकाळी मुलाला कणकण वाटू लागते. तापाची गोळी घेतली, तर दारातील तापमापकाला चकविता येईल, हे त्याला ठाऊक असते. अशा वेळी त्याला कोणता कायदा अडविणार? १८९६ साली मुंबईत आणि नंतर पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला, आगगाडीचे प्रवासी तपासले, घरे धुंडाळली. त्या धाकाने रोग नाहीसा झाला नाही. माणसे रोगी लपवू लागली. धाक वाढला की लपवाछपवी वाढते, हा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे.

म्हणून खरे बोलणाऱ्याचे नुकसान होऊ नये, अशी व्यवस्था हवी. साथीच्या दिवसांत विनादंड तारीख बदलता येणारे तिकीट हे मास्कइतकेच आरोग्याचे साधन आहे. प्रवाशानेही स्वतःला विचारावे, की ज्याच्या भेटीसाठी एवढा जीव तळमळतो, त्याच्याच अशक्त छातीपाशी आपण हा ताप घेऊन जाणार का? कणकण असेल, तर चाचणी करून घ्यावी आणि थांबावे. दूरध्वनीवर चेहरा दिसण्याची सोय आता घरोघर आहे. थांबण्यात अंतिम भेट चुकण्याचा संभव आहे आणि ते दुःख लहान नाही. पण त्या भेटीची किंमत अनोळखी शेजाऱ्याने, किंवा खुद्द वडिलांनी मोजावी, हेही न्यायाचे नाही. आणि प्रकृती चांगली असताना जो जातो, त्यानेही पोहोचल्यावर काही दिवस वृद्धांजवळ मास्क ठेवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि प्रकृतीकडे लक्ष असू द्यावे.

विमानातील गाळण्या कारखान्यात तयार होतात आणि त्या आपले काम चोख करतात. पण प्रत्येक प्रवासी आपल्या शेजाऱ्याला ओळखत नसताही त्याच्या प्रामाणिकपणावर विसंबूनच आसनाचा पट्टा बांधीत असतो. साथीच्या दिवसांत त्या विश्वासास पात्र ठरणे, हे प्रवाशाचे पहिले कर्तव्य होय.